तारांचा विसावा

घरातल्या विजेचा पुरवठादार मी आयुष्यात एकदाच बदलला. त्याआधीचा माझा पुरवठादार म्हणजे कुठली कंपनी नव्हती, एक गृहस्थ होते. बेळगावातल्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत, त्यांच्या घराच्या माडीवर मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. जिन्याखाली त्यांचं मीटर होतं आणि तिथून निघालेली एक तार भिंतीच्या कडेकडेनं वर माझ्या दोन खोल्यांत यायची. त्या तारेतून वीज कधी यावी आणि कधी येऊ नये, हे तेच ठरवायचे. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही आप्पाच म्हणायला लागले.

आता मी आणि आई बेळगावाजवळच सांबऱ्याला राहतो. परवा फोननं मला विचारलं, दर महिन्याचं वीजबिल आपोआप भरून टाकू का? एकदा बोट लावलं की झालं, पुन्हा बघायलाही नको. मी बोट लावणार तेवढ्यात मला आप्पांचा आवाज आठवला, "पैशे जातील गं. माणूस कवा जाणार?" मी फोन खाली ठेवला आणि चहा करायला उठले.

आप्पा जन्माचे विणकर. एके काळी त्यांच्या पुढच्या खोलीत चार यंत्रमाग धडधडत होते. मी राहायला गेले तोवर तीन विकले गेले होते, आणि चौथ्याचं कनेक्शन काढून टाकलेलं होतं. त्याच्यावर आक्का, म्हणजे त्यांची बायको, गोधड्या वाळत घालायच्या. माग गेले, पण आप्पांचे कान मागावरच राहिले. सकाळी कट्ट्यावर बसून ते आख्ख्या गल्लीतले माग ऐकायचे. मध्येच उठायचे, चार घरं सोडून पाचव्या घरात शिरायचे आणि म्हणायचे, "तुझा डावीकडचा माग लंगडायलाय, बघ." घरवाला आधी चिडायचा, मग माग थांबवून बघायचा, आणि काहीतरी ढिलं झालेलं निघायचंच. विजेचंही तसंच. व्होल्टेज हा शब्द त्यांना मान्य नव्हता. वीज एक तर दाट असायची, नाहीतर पातळ. "आज करंट लई पातळ हाय, मिक्सर लावू नको," असं त्यांनी खालून ओरडून सांगितलं की पाच मिनिटांत माझा पंखा मलूल व्हायचा.

राहायला आले त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात उभं करून कायदे सांगितले. "बल्ब दोन, पंखा एक, मिक्सर चटणीपुरता. इस्त्री न्हाय, शेगडी न्हाय, गिझर न्हाय. माझी तार म्हातारी हाय." माझ्या आधीच्या भाडेकरूनं पाणी तापवायचा रॉड लपवून आणला होता. मीटरवरचा लाल दिवा एकाएकी भराभरा मिचकायला लागला, आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसलेल्या आप्पांनी चोरी पकडली. आठ दिवसांत माडी रिकामी झाली. ही गोष्ट त्यांनी मला कायदे सांगून झाल्यावर लगेच सांगितली, आणि हसत हसत चावी हातात दिली. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे हे कळल्यापासून ते मला 'डाक्टरीण' म्हणायला लागले. कितीही समजावून सांगितलं तरी माझी ती पदवी त्यांनी काढून घेतली नाही.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की माणूस चिक्कू असणार. तसं मुळीच नव्हतं. उलट विजेचं बिल भरणं हा आप्पांचा सण होता. बिल आलं की दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, छातीच्या खिशात बिलाची घडी, आणि सायकलवरून स्वारी वीज ऑफिसला. तिथे रांग असायची, आणि ती लांब असली तर त्यांना अधिक बरं वाटायचं. "रांगेत उभारलं की गाव कळतंय," ते म्हणायचे. कुणाची सून बाळंत झाली, कुणी माग विकले, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं त्या रांगेत मिळायचं. मग खिडकीशी कानडीत चार शब्द, आणि पावतीवर शिक्का. शिक्क्याची शाई पुसू नये म्हणून पावतीवर फुंकर मारत ते घरी यायचे आणि भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ती खोवायचे. तो आकडा त्यांच्या लग्नाच्या फोटोशेजारी होता.

एकदा त्यांना ताप आला म्हणून मी शहाणपणा करून त्यांचं बिल माझ्या फोनवरून भरलं. हिरवी खूण आली, ती मी मोठ्या कौतुकानं दाखवली.

"शिक्का कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"आता शिक्का नसतो आप्पा. हा मेसेज येतो."

"मेसेज आकड्यात कसा खोवू?"

ताप उतरल्यावर ते सायकल काढून गेले आणि पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ भरून शिक्का घेऊन आले. तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं की निदान माझे विजेचे पैसे तरी फोनवरून घेत जा. त्यावरचं त्यांचं उत्तर मी वर दिलंच आहे.

मग सरकारनं ठरावीक वापरापर्यंत घरगुती वीज माफ केली आणि आप्पांच्या घरी शून्याचं बिल आलं. गल्लीत आनंदीआनंद. आप्पांचा चेहरा मात्र उतरला. दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते शून्याचं बिल घेऊन खिडकीवर हजर. मी त्या दिवशी त्याच रस्त्यानं स्कूटीवरून चालले होते, म्हणून थांबले. आतला तरुण कारकून म्हणाला, "अज्जा, झीरो बिल. कट्टोदु बेडा." म्हणजे, आजोबा, भरायचं काही नाही. आप्पा म्हणाले, शून्य तर शून्य, शून्य भरलं म्हणून शिक्का मारा. कारकून समजावून दमला. मागची माणसं हसायला लागली. शेवटी त्या मुलानं कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला. आप्पा घरी येऊन आक्कांना एकच शब्द बोलले, "मारला."

आणि न्याय असा की त्यांना शून्य, म्हणून मलाही शून्य. दुसऱ्या कुणा घरमालकानं गुपचूप पैसे घेतले असते. आप्पांनी मला दर महिन्याच्या पाच तारखेला खाली बोलवायचं चालूच ठेवलं. आक्का चहा द्यायच्या. आप्पा कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे 'माडी, वीज, शून्य' असं लिहायचे आणि त्यावर एक लाकडी ठप्पा उठवायचे. माग चालू होते तेव्हा साडीच्या घडीवर खूण म्हणून तो ठप्पा मारत असत. जांभळ्या शाईतला पोपट. एकदा लॅबमधून दमून आले होते, तर मी वैतागून म्हटलं, "आप्पा, शून्यच आहे तर मी खाली कशाला येऊ?"

"पैशे शून्य हायत," ते म्हणाले. "तू शून्य हायस व्हय?"

मी बसले आणि चहा प्यायले.

त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आमच्या गल्लीत अमावास्येला माग बंद असायचे. मागाला तेलपाणी, पूजा, आणि कामाला सुट्टी. आप्पांचे माग गेल्यावर ही सुट्टी त्यांनी घराच्या तारांना लावली. अमावास्येला सूर्य उगवला की ते मेन स्विचचा खटका खाली ओढायचे, मीटरला हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल वाहायचे, आणि दुपारी बारापर्यंत घर बिनविजेचं. "म्हैनाभर राबत्यात बिचाऱ्या. अर्धा दिस पाठ टेकू दे की त्यांस्नी," असं त्यांचं म्हणणं. कित्येक वर्षं मी याची लॅबमध्ये गंमत करून सांगत असे. आदल्या दिवशी फोन चार्ज करून ठेवायचा, एवढाच काय तो मला त्रास होता.

मग आई आजारी पडली. ती आमच्या गावी, गुंजीला असायची. साधा खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि तिला बेळगावला दवाखान्यात आणावं लागलं. बारा दिवसांनी सोडताना डॉक्टरांनी अट घातली की घरी ऑक्सिजनचं मशीन हवं, रात्रंदिवस, निदान दोन-तीन महिने. हे मशीन हवेतून ऑक्सिजन गाळून नळीनं नाकापर्यंत पोचवतं, पण चालतं विजेवर. ते थांबलं की दहा मिनिटांत आईची बोटं निळसर पडायला लागायची. गुंजीहून दवाखाना लांब, म्हणून आई माझ्याकडे माडीवर आली. खाली मी एवढंच सांगितलं की आई आजारातून उठली आहे, विश्रांतीला आली आहे. आणि ते मशीन मी गोधडीत गुंडाळून, आईचं शिलाई मशीन आहे असं सांगून वर नेलं.

खोटं का बोलले? घाबरले म्हणून. रॉडवाला भाडेकरू आठ दिवसांत गेला होता. उद्या आप्पांनी मलाही तसं सांगितलं असतं, तर नळी लावलेल्या आईला घेऊन मी कुठं खोल्या शोधत फिरले असते? दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता, आणि मला तेवढंच सुचत होतं.

पण कान तर खालीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात प्रश्न आला. "वर कसली मोटर चालत्या?"

"लहानसा फ्रीज घेतलाय आप्पा."

"फ्रीज दम खाऊन चालतंय. हे थांबतच न्हाय."

तिसऱ्या दिवशी, "आनि मधनंच फुस्स करतंय. साप पाळलायस व्हय, डाक्टरीण?" पाचव्या दिवशी, "सूत भरायचं मशीन घातलंयस न्हवं? सांग की. मी काय वाटा मागाय येणार न्हाय." मी हसण्यावारी न्यायची, आणि वर येऊन पाणी प्यायची.

कॅलेंडरवर अमावास्या नऊ दिवसांवर होती.

लॅबमधल्या एकीनं सुचवलं की माडीसाठी स्वतःचं वेगळं मीटर घे. अर्ज करायचा, घरमालकाची संमतीची सही लागते, बाकी अवघड काही नाही. मी फॉर्म आणला आणि पाच तारखेच्या चहाच्या वेळी आप्पांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मीटर नावावर झालं की उद्या माडी बी नावावर म्हणशील."

"आप्पा, मी तशी वाटते तुम्हाला?"

"तू न्हाईस. कागद तसा हाय." मग कपातल्या चहाकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "माझा करंट वाईट हाय व्हय?"

त्या दिवशी पोपटही जरा तिरका उमटला. जाता जाता मी म्हटलं, निदान या अमावास्येला खटका ओढू नका, मला घरून ऑनलाइन काम आहे. तर म्हणाले, "अमावस्या तुझ्या हापिसला इचारून येत्या व्हय?" मला इतका राग आला की मी जिना आपटत चढले. त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण रागानं भीती जात नाही हे मला तेव्हा कळलं.

मी एका दुकानातून ऑक्सिजनचं लहान सिलिंडर भाड्यानं आणलं. सहा तास पुरेल, असं दुकानदार म्हणाला होता. अमावास्येला सूर्य उगवला, खाली खट् असा आवाज झाला, पंखा थांबला, आणि मशीन पीं पीं करून ओरडायला लागलं. मी आईची नळी काढून सिलिंडरला जोडली, चावी फिरवली आणि काट्याकडे बघितलं. काटा जवळजवळ तळाला होता. पुरतं भरलेलं नव्हतंच ते. मी आदल्या दिवशी तपासलं नव्हतं. दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या दिवसातून चार वेळा तपासणारी मी, आईचं सिलिंडर न बघता घरी घेऊन आले होते. दुकानाला फोन लावला तर कुणी उचलेना.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. आलेच."

मी अनवाणीच खाली धावले. आप्पा मीटरसमोर उभे होते, एका बोटाला कुंकू, दुसऱ्या हातात जास्वंद.

"वर काय वरडायलंय?" ते म्हणाले.

"आईचं ऑक्सिजनचं मशीन आहे ते!" मी ओरडले. "तिला त्याच्याशिवाय श्वास घेता येत नाही. तो फ्रीज नाही, शिलाई मशीन नाही, मी खोटं बोलले. घरातून काढायचं तर उद्या काढा, पण आत्ता खटका वर करा!"

आप्पांच्या हातातलं फूल कधी पडलं ते त्यांनाही कळलं नसेल. खटका वर गेला. माडीवर मशीनचा ओरडा थांबला आणि घुर्र सुरू झालं. मी तिथेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. आक्का आतून आल्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी डोळे पुसून वर गेले तर मागून आप्पा. सहा वर्षांत ते माडीवर कधी आले नव्हते, गुडघे दुखायचे त्यांचे. चपला बाहेर काढून ते दारात उभे राहिले. आधी त्यांनी मशीन ऐकलं, मान थोडी कलती करून, माग ऐकायचे तसं. मग नळीवरून नजर नेत नेत आईकडे बघितलं.

"चुकी झाली आक्का," ते आईला म्हणाले. आई त्यांच्यापेक्षा बरीच लहान, पण त्या दिवशी त्यांनी तिला आक्काच, म्हणजे थोरली बहीणच, म्हटलं. मग माझ्याकडे वळले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "सांगायचं न्हाय व्हय? आं? मी तारांस्नी विसावा देतोय. माणसाच्या श्वासाला देतोय व्हय गं?"

मग ते मशीनकडे वळले आणि म्हणाले, "हे माझ्या तारंवर न्हाय चालायचं. कागद आण."

मला वाटलं, भाडेकराराचा कागद मागतायत. "आप्पा, आठ दिवस तरी द्या. आईला घेऊन मी कुठं जाऊ?"

"कुठं जाणार? कागद आण म्हटलं. मीटरचा, त्या दिवशीचा."

मी फॉर्म काढून आणला. तेव्हा त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, बोटाला अजून कुंकू होतं, आणि म्हणाले, "माग हुते तवापास्नं, बत्तीस वर्षं अमावस्येला ह्यो हात खटक्याकडं जातोय. मला न इचारता जातोय. आज तू वरडलीस म्हणून कळलं. फुडच्या वेळंला तू कामावर असशील. मी इसरणार न्हाय असं मी कुणाच्या भरवशावर सांगू? तुझं मीटर येगळं कर. माझ्या हाताला घावायला नको ते."

त्यांनी माडीवरच, आईच्या औषधाच्या टेबलावर, फॉर्मवर सही केली. सही बघून त्यांचं समाधान होईना, म्हणून खाली जाऊन ठप्पा आणला आणि सहीशेजारी पोपट उठवला. अर्ज द्यायला धोतर नेसून स्वतः माझ्याबरोबर आले. खिडकीतल्या त्याच मुलानं पोपटावर बोट ठेवून विचारलं, "इदु येनु, अज्जा?" हे काय? "नम्म कंपनी शिक्का," आप्पा म्हणाले. आमच्या कंपनीचा शिक्का. त्या मुलानं एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अर्ज घेतला. त्याला आप्पांचा अनुभव होता.

नवं मीटर येईपर्यंत आप्पांनी आपला खटका सुतानं बांधून टाकला. सात गाठी, त्याही विणकराच्या. त्यांच्या स्वतःच्या हातांना त्या सोडवायला वेळ लागला असता, आणि तोच त्यामागचा हेतू होता. दरम्यान माझ्या मशीनमुळे त्यांचं शून्य गेलं आणि रकमेचं बिल आलं. मी माफी मागायला खाली गेले, तर आप्पा धोतराच्या निऱ्या घालत होते. "माफी कसली? इतके म्हैनं शून्य घिऊन उभारत हुतो, लोक हसत हुती. आता बघ म्हणावं." त्या दिवशी त्यांनी सायकलची घंटा गल्लीच्या टोकापर्यंत वाजवली.

पुढच्या अमावास्येच्या आत मीटर बसलं, त्यांच्या मीटरशेजारीच. माडीला येणारी जुनी तार काढली तेव्हा आप्पांनी ती टाकू दिली नाही. धागा गुंडाळावा तशी कोपर आणि अंगठ्यात गुंडाळून त्यांनी ती बंद पडलेल्या मागावर टांगली. मला तेव्हा वाईट वाटलं, आणि त्याहून खूप जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्या रात्री मी किती तरी दिवसांनी सलग झोपले.

नवं मीटर बसवणाऱ्यानं विचारलं होतं की बिल खिडकीवर भरणार की फोनवरून. मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझं मीटर, तुझं बोट." मी फोनवरून भरलं. पण पाच तारीख आली तशी माझे पाय आपोआप खाली गेले. आक्कांनी कप मांडून ठेवलेलेच होते. आप्पांनी माझा फोन हातात घेऊन ती हिरवी खूण नीट बघितली, कॅलेंडरच्या पानामागे 'माडी, वीज, फोनवर' असं लिहिलं आणि पोपट मारला. सांबऱ्याला आल्यावरही पाच तारखेला सुट्टी असली की मी वडगावला जाते. माझ्याकडे आता पोपटांची चांगली जाड गड्डी झाली आहे.

पण आप्पा म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवते ती आईच्या मशीनच्या तिसऱ्या महिन्यातली अमावास्या. आदल्या दिवशी डॉक्टरांनी आईची छाती तपासली होती आणि सांगितलं होतं की उद्या सकाळी मशीन बंद करून बघा, बोटावर लक्ष ठेवा, बहुतेक लागणार नाही आता. मी सकाळी बटण बंद केलं. गल्लीतले माग बंद होते. खाली आप्पांच्या घरची वीजही विसाव्याला गेली होती. माझं मीटर मात्र चालू होतं, कारण त्यालाही फूल वाहून आप्पा म्हणाले होते, "ह्ये तान्हं हाय अजून, ह्येला नको विसावा." मशीन थांबलं तशी इतकी शांतता झाली की मला आईचा श्वास ऐकू यायला लागला. नळीविना, एकसारखा. आई खिडकीशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि तिची बोटं चांगली गुलाबी होती.

तेवढ्यात जिन्यात धडधड झाली. आप्पा दोन-दोन पायऱ्या चढत आले. टोपी नाही, सदऱ्याची बटणं खालीवर, बोटाचं कुंकू कपाळाला लागलेलं.

"का थांबलं? मशीन का थांबलं?"

"डाक्टरांनीच बंद करा म्हटलंय, आप्पा," आई म्हणाली. "मला बरं हाय आता. ह्ये बघा की."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, नाकाकडे, बोटांकडे, मांडीवरच्या शेंगांकडे. मग ते उंबऱ्यावर खाली बसले. भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

"सांगायचं न्हाय व्हय?" ते धापा टाकत म्हणाले. "रोज पाटंचं उठलो की आधी ते ऐकतोय मी. चालू हाय म्हटलं की मग चूळ भरतोय."

त्यांची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. आईनं शेंगा बाजूला ठेवल्या, उठली, आधाराशिवाय चालत मशीनपाशी गेली आणि नळी हातात घेऊन त्यांना म्हणाली, "लई धाप लागल्या तुमास्नी. जरा लावू व्हय?"

आप्पा हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले, आणि हात हलवून म्हणाले, "नको, नको. आज अमावस्या हाय. त्येला बी जरा पाठ टेकू दे."